विहिरीच्या काठापासून संख्यारेषेपर्यंत

पाचवी इयत्तेपर्यंत विद्यार्थ्याचा संख्यांशी असलेला व्यवहार सरळ असतो. संख्या म्हणजे मोजलेल्या वस्तूंचे माप. त्यात मिळविले की ते वाढते आणि त्यातून काढले की ते घटते. तीनातून पाच जात नाहीत, हे तर शाळेनेच त्याच्याकडून शेकडो वेळा म्हणवून घेतलेले असते. उभ्या मांडणीतील वजाबाकी करताना तीनातून पाच जात नाहीत, म्हणूनच शेजारचा दशक उसना घ्यावा लागतो. आणि मग सहावीच्या सुमारास एके दिवशी त्याच फळ्यावर ३ − ५ = −२ असे लिहिले जाते. जे जात नव्हते ते आता जाऊ लागते. असे का झाले, याचा खुलासा पुष्कळदा होत नाही. त्याऐवजी 'ऋण ऋण धन, धन ऋण ऋण' हे सूत्र हाती दिले जाते आणि उदाहरणसंग्रहास प्रारंभ होतो.

या ठिकाणी जे घडते त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. आठवी-नववीच्या वर्गात समीकरणे सोडविताना रीत बरोबर असूनही उत्तर चुकलेले अनेक विद्यार्थी आढळतात. उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने 'चिन्हाची चूक' असा शेरा पडतो, आणि ती चूक किरकोळ समजली जाते. वस्तुतः ती किरकोळ नसते. बेरजेसाठी पाठ केलेल्या सूत्रात गुणाकाराचे सूत्र मिसळून −३ − ४ चे उत्तर +७ लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी असतोच असे नाही. 'ऋण आणि ऋण मिळून धन' हे त्याला शिकविलेले वाक्य त्याने प्रामाणिकपणे वापरलेले असते. अशा चुका वारंवार होऊ लागल्या की बीजगणित हा आपला प्रांत नव्हे, अशी त्याची समजूत होते आणि दहावीच्या परीक्षेपर्यंत ती पक्की होऊन बसते.

संख्यारेषा हे या अडचणीवरील एक जुने आणि बिनखर्चाचे साधन आहे. पाठ्यपुस्तकात तिची आकृती असतेच. परंतु आकृती दाखविणे आणि तिच्यावर काम करावयास शिकविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एका चिन्हाची दोन कामे

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. आडव्या लहान रेघेचे जे चिन्ह आहे, त्याच्याकडे गणिताने दोन कामे सोपविली आहेत. ७ − ३ मध्ये ते एक क्रिया सांगते; −३ मध्ये ते संख्येचे स्थान सांगते. वर्गात अलीकडे दोन्ही ठिकाणी 'मायनस' हा एकच शब्द उच्चारला जातो, आणि ५ − (−३) हे उदाहरण 'पाच मायनस मायनस तीन' असे वाचले की ऐकणाऱ्याच्या मनात घोटाळा होणे क्रमप्राप्तच असते. मराठीत या दोन कामांसाठी दोन शब्द पूर्वीपासून उपलब्ध आहेत. क्रियेला 'वजा' म्हणावे आणि संख्येला 'ऋण' म्हणावे. 'पाच वजा ऋण तीन' असे वाचल्याबरोबर कोठे क्रिया आहे व कोठे संख्या आहे, हे कानालाच कळते. पहिले काही आठवडे शिक्षकाने हा भेद कटाक्षाने पाळला, तरी पुढील बरेच श्रम वाचतात.

'उणे' हा शब्द तर मराठी मुलाच्या बोलण्यात आधीपासूनच दडलेला असतो. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस हे त्याच घडणीचे शब्द. पावणेतीन म्हणजे पावाने उणे तीन. पावणेतीन वाजले, असे म्हणणारा माणूस दोनावरून पुढे मोजत नाही. तो तीनावर उभा राहून मागे पाहतो. एखाद्या खुणेपासून मागे मोजण्याची ही सवय ज्या भाषेत इतकी मुरलेली आहे, त्या भाषेतील मुलाला शून्यापासून मागे मोजणे परके वाटण्याचे कारण नाही. मात्र कोणीतरी ते त्याच्या लक्षात आणून दिले पाहिजे.

धन आणि ऋण हे शब्दही येथलेच होत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम दिलेले आहेत. संपत्ती आणि कर्ज हीच त्या शब्दांमागील कल्पना. वर्गातही कर्जाचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते चुकीचे नाही. तथापि त्यात दोन अडचणी आहेत. अकरा रुपयांचे कर्ज चार रुपयांच्या कर्जापेक्षा मोठे, असेच सर्वजण बोलतात. त्यामुळे −११ ही संख्या −४ पेक्षा लहान आहे, हे सांगताना भाषाच आड येते. दुसरी अडचण गणिताबाहेरची आहे. सोसायटीच्या किंवा सावकाराच्या कर्जाचा घोर ज्या घरात आहे, त्या घरातील मूलही त्याच वर्गात बसलेले असते. फळ्यावरील हिशेबासाठी त्याला घरचे दुखणे आठवावयास लावण्याची गरज नाही.

विहीर ही उभी संख्यारेषा

तापमानाचे उदाहरण पुस्तकात असते. लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात पारा उणे वीस अंशांच्याही खाली उतरतो, ही माहिती कुतूहलजनक खरी, पण महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांनी शून्य अंशाची थंडी कधी अनुभवलेली नसते. त्यांनी पाहिलेली वस्तू म्हणजे विहीर. 'पाच परस पाणी' हे माप घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्यांनी ऐकलेले असते. भूजलाची पातळी मोजणारी शासकीय यंत्रणादेखील ती जमिनीपासून खाली किती मीटर, अशीच नोंदविते.

विहिरीच्या काठाशी जमिनीची पातळी ती शून्य मानावी. जमिनीच्या वर रहाटाचा खांब दोन मीटरपर्यंत गेला असेल, तर त्याचे टोक +२ वर. पाणी चैत्रात अकरा मीटर खाली असेल, तर त्याची पातळी −११. श्रावणात ते चार मीटरवर आले, तर पातळी −४. येथे शिक्षकाने एक पथ्य पाळावे. 'खोली' आणि 'पातळी' हे शब्द एकमेकांत मिसळू देऊ नयेत. खोली अकरा मीटर, पातळी ऋण अकरा. खोली ही नुसती लांबी आहे, तिला दिशा नाही. पातळी हे शून्याच्या संदर्भातील स्थान आहे. पुढील इयत्तांत केवल मूल्य म्हणून जे शिकवावयाचे असते, त्याचे बीज या भेदात आहे. कोणत्या महिन्यात पाणी वर होते, असे विचारले की श्रावणात, हे उत्तर कोणतेही मूल देते. वर असलेली संख्या मोठी, एवढे ठरविले की −४ ही −११ पेक्षा मोठी, हे त्याला पाठ करावे लागत नाही. उभी रेषा उजवीकडे कलती करून आडवी पाडली, की वरची बाजू उजवी होते व खालची डावी.

इमारतीच्या मजल्यांचाही उपयोग होतो. आपल्याकडे जमिनीलगतच्या मजल्याला तळमजला व त्यावरच्याला पहिला मजला म्हणण्याची चाल असल्याने तळमजला शून्यावर आणि तळघर −१ वर बरोबर बसते. शहरांतील उद्वाहनाच्या बटनांवर हे अंक मुलांनी पाहिलेले असतात. २०२४ साली आलेल्या एन.सी.ई.आर.टी.च्या सहावीच्या 'गणित प्रकाश' या पुस्तकातही मजल्यांवरून वरखाली जाण्याच्या कल्पनेनेच या विषयाची सुरुवात केलेली आहे. इसवी सनपूर्व व इसवी सन यांची कालरेषा मात्र टाळलेली बरी. त्या गणनेत शून्य हे वर्षच नाही, इ. स. पूर्व ५ पासून इ. स. ५ पर्यंत दहा नव्हे, नऊ वर्षे होतात. सहावीच्या मुलापुढे हे प्रकरण उघडण्याची घाई नको.

रेषा आखताना

रेषा कागदावर येण्यापूर्वी जमिनीवर यावी. मैदानावर फक्कीने आखलेली वीस-पंचवीस पावलांची रेघ, किंवा व्हरांड्यात ताणलेली सुतळी व तिला सारख्या अंतरावर बांधलेल्या चिंध्या, एवढे साहित्य पुरेसे आहे. शहाबादी फरशी असेल, तर जोड आयतेच मिळतात. अंक फरशीच्या पोटात न लिहिता जोडावर लिहावेत. हा आग्रह वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु सापशिडीच्या पटावर अंक घरात असतो आणि संख्यारेषेवर तो खुणेवर असतो. ज्या मुलाच्या मनात घराचे चित्र राहते, ते उड्या मोजण्याऐवजी घरे मोजते. −४ वर उभे राहून 'एक' म्हणावयाचे आणि −३ वर 'दोन', असे करणाऱ्या मुलाचे प्रत्येक उत्तर एकाने चुकते. त्यावर रागावून उपयोग नाही. पाऊल खाली टेकल्यावरच अंक उच्चारावयाचा, अशी सवय लावली की चूक आपोआप सुटते.

आणखी एक सूचना खालच्या वर्गांच्या शिक्षकांसाठी. फळ्यावरच्या बाजूस भिंतीवर जी अंकपट्टी लावलेली असते, ती बहुधा खोलीच्या डाव्या कोपऱ्यापासून एकाने किंवा शून्याने सुरू होते. चार-पाच वर्षे तिच्याकडे पाहणाऱ्या मुलाला संख्या भिंतीशी संपतात असे वाटल्यास नवल नाही. पट्टी थोडी उजवीकडे सरकवून शून्याच्या डावीकडे कोरी जागा व बाणाचे टोक ठेवले, तर पुढे काय आहे, हा प्रश्न मूल स्वतःच विचारते.

बेरजेत पहिली संख्या उभे राहण्याची जागा सांगते व दुसरी चालण्याची दिशा आणि पावले. −४ + ६ म्हणजे ऋण चारावर उभे राहून उजवीकडे सहा पावले, मुक्काम २. २ + (−५) म्हणजे दोनावरून डावीकडे पाच, मुक्काम −३. मग −५ वरून उजवीकडे दोन चालून पाहावे. मुक्काम तोच, वाट निराळी. चालण्याची ही उपमा नवी नाही. इंग्रज गणिती जॉन वॉलिस याने १६८५ च्या आपल्या बीजगणितावरील ग्रंथात पाच यार्ड पुढे जाऊन आठ यार्ड मागे येणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले होते. तो माणूस निघाल्या जागेपेक्षा तीन यार्ड मागे पोहोचतो, आणि 'शून्यापेक्षा कमी' म्हणजे काय, हे त्यातून कळते.

खरी अडचण वजाबाकीची

बेरजेपर्यंत वर्ग आनंदाने चालतो. ५ − (−३) आले की थांबतो.

येथे अनेक ठिकाणी एक कवायत करवून घेतली जाते. बेरीज असेल तर तोंड उजवीकडे, वजाबाकी असेल तर तोंड डावीकडे. संख्या धन असेल तर पुढे चालावयाचे, ऋण असेल तर मागे. ५ − (−३) साठी मूल पाचावर उभे राहते, डावीकडे वळते, तीन पावले मागे सरकते आणि आठावर पोहोचते. उत्तर बरोबर येते, मुलांना मौजही वाटते. पण वजाबाकीत तोंड का फिरवावयाचे, या प्रश्नाला या कवायतीत उत्तर नाही. जिभेवरचा नियम पायांवर आणला, एवढेच घडते; आणि पायांवरचा नियमही विसरला जातो.

त्यापेक्षा वजाबाकीचा मूळ अर्थ पुढे आणणे अधिक श्रेयस्कर ठरते. वजाबाकी म्हणजे काढून घेणे हा एक अर्थ झाला. किती मिळविले असता तेथे पोहोचू, हा दुसरा. हा दुसरा अर्थ बाजारात रोज वापरला जातो. सदतीस रुपयांच्या मालासाठी पन्नासाची नोट दिली असता दुकानदार मनात वजाबाकी मांडत बसत नाही. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस असे म्हणत तीन सुटे रुपये ठेवतो आणि दहाची नोट देऊन पन्नास पुरे करतो. संख्यारेषेवर याचा अर्थ असा की, वजा करावयाच्या संख्येपासून निघावे, पहिल्या संख्येपर्यंत जावे, आणि किती व कोणत्या दिशेने चाललो ते सांगावे. ८ − ५ मध्ये पाचापासून आठापर्यंत, उजवीकडे तीन, म्हणून ३. ५ − ८ मध्ये आठापासून पाचापर्यंत, डावीकडे तीन, म्हणून −३. तीनातून पाच जात नाहीत, ही खालच्या वर्गातील तक्रार येथे मिटते. डावीकडे जाण्याची सोय नव्हती तोपर्यंतच ती खरी होती.

आता पुन्हा विहिरीकडे वळावे. चैत्रात पातळी −११ होती, श्रावणात −४ झाली. पाणी किती चढले? सात मीटर, हे उत्तर मूल बोटांवरही मोजत नाही. तेच उत्तर मांडावयाचे झाले तर −४ − (−११) = ७. नंतरच्या पातळीतून आधीची पातळी वजा केली, एवढेच. ज्या उदाहरणाची वर्गाला धास्ती वाटते, ते मुलाने न मांडताच सोडविलेले असते. उलट श्रावणानंतर पुढील चैत्रापर्यंत काय झाले? −११ − (−४) = −७; सात मीटर उतरले. येथे दिशेचे चिन्ह सोडून नुसते 'सात' लिहिण्याची चूक सर्रास होते. विहिरीचे पाणी सात मीटरने चढले की उतरले, यात गावाच्या उन्हाळ्याचा फरक असतो, हे ध्यानात आणून दिल्यास ते चिन्ह पुन्हा गाळले जात नाही.

अशी दहा-बारा उदाहरणे रेषेवर करून ती वहीत एकाखाली एक लिहावीत, आणि शेजारी त्यांच्या जोडीच्या बेरजा मांडाव्यात. ५ − (−३) = ८, ५ + ३ = ८. −४ − (−११) = ७, −४ + ११ = ७. ऋण संख्या वजा करणे म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळविणे, हा नियम बहुतेक वर्गांत कोणीतरी विद्यार्थीच मोठ्याने सांगून टाकतो. नियम शेवटी तोच आहे. पण तो आता मुलाच्या वहीतून निघालेला असतो, आणि विसरला तरी रेषेवर जाऊन पुन्हा मिळविता येतो.

रेषेने काय होत नाही, तेही सांगितले पाहिजे. ३ × (−२) म्हणजे डावीकडे दोन-दोनाच्या तीन उड्या, हे ठीक. पण 'ऋण तीन वेळा' उडी मारता येत नाही. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, यासाठी चालण्याच्या नाना कथा रचल्या जातात व त्या बहुधा कृत्रिम वाटतात. तेथे आकृतिबंधाचा मार्ग सरळ आहे. ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. उत्तर प्रत्येक पायरीला दोनाने वाढत आहे. पुढची पायरी (−१) × (−२), तेव्हा उत्तर २, त्यापुढे ४, मग ६. रेषेचा उपयोग येथे फक्त उत्तरे मांडून पाहण्यापुरता.

त्याचप्रमाणे −३८ + १२५ साठी एकशे पंचवीस खुणा मोजावयास लावणे हा छळ होय. अशा वेळी खुणा नसलेली कोरी रेषा काढून तिच्यावर फक्त शून्य दाखवावे. ऋण अडतीसपासून शून्यापर्यंत अडतीस, एकशे पंचविसातून उरले सत्त्याऐंशी, मुक्काम ८७. काही दिवसांनी विद्यार्थी ती रेषाही काढीत नाही. ती त्याच्या मनात असते, आणि साधनाचे काम तेथे संपते.

आठवी-नववीच्या ज्या विद्यार्थ्यांना पायथागोरसचा सिद्धान्त ठाऊक आहे, त्यांच्यासाठी भास्कराचार्यांचे एक उदाहरण राखून ठेवण्यासारखे आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. 'लीलावती'मध्ये एक त्रिकोण दिला आहे. त्याच्या दोन बाजू १० आणि १७, व पाया ९. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला असता पायाचे जे दोन भाग होतात, ते काढावयाचे. रीतीने गणित केले तर एक भाग येतो १५ आणि दुसरा ऋण ६. पाया नऊचा असताना त्याचा एक भाग पंधरा कसा, असे कोणासही वाटेल. ऋण याचा अर्थ विरुद्ध दिशेला, असा खुलासा भास्कराचार्यांनी केला आहे. लंब पायावर न पडता पायाच्या टोकाबाहेर पडतो.

हा त्रिकोण संख्यारेषेवर ठेवून पाहावा. पाया ० पासून ९ पर्यंत, आणि दहाची बाजू शून्याशी. लंबाचा पाय −६ वर येतो. नवाच्या टोकापासून तेथपर्यंतचे अंतर ९ − (−६), म्हणजे १५. पडताळाही लगेच घेता येतो. १०० मधून ३६ वजा केले तर ६४. २८९ मधून २२५ वजा केले तरीही ६४. दोन्ही बाजूंनी लंब ८ येतो, आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ ३६.